बेटे आणि प्रवाळभित्ती : मराठवाड्याच्या पाषाणापासून लक्षद्वीपपर्यंत

चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला आणि खंडापेक्षा लहान असलेला भूभाग म्हणजे बेट. उबदार, उथळ समुद्रात प्रवाळ नावाच्या चिमुकल्या प्राण्यांच्या सांगाड्यांवर सांगाडे चढून जो चुन्याचा खडक उभा राहतो, ती प्रवाळभित्ती. मराठवाड्याला समुद्रकिनारा नाही. आठही जिल्हे दख्खनच्या पठारावर आहेत आणि त्यांतून वाहणारी गोदावरी शेकडो किलोमीटर पुढे आंध्र प्रदेशात समुद्राला मिळते. म्हणून हा विषय इथे परीक्षेपुरता वाचून सोडून दिला जातो. वास्तविक मराठवाड्यात विहीर खोदताना लागणारा काळा पाषाण आणि समुद्रापलीकडे मालदीवच्या प्रवाळाखाली दडलेला बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा खडक, एकाच उगमातून आलेले मानले जातात. बेटे कशी जन्मतात हे समजून घ्यायला मराठवाड्याइतकी सोयीची जागा कमी, असे म्हणायला त्यामुळे जागा आहे.

नदी-जलाशयांतील बेटे. बेट फक्त समुद्रातच असते असे नाही. वैजापूर तालुक्यात गोदावरीच्या पात्रातले सरला बेट गंगागिरी महाराजांच्या मठामुळे आणि अखंड हरिनाम सप्ताहामुळे गंगथडीच्या गावागावांत ठाऊक आहे. नदीचा प्रवाह दुभंगून पुन्हा एकत्र येतो, तेव्हा मधली जमीन बेट बनते. पाण्याचा वेग मंदावला की गाळ-वाळू साचून अशी बेटे वाढतात आणि मोठ्या पुरात झिजतातही. आसाममध्ये ब्रह्मपुत्रेतले माजुली हे याचे जगप्रसिद्ध उदाहरण असून धूप होऊन त्याचे क्षेत्र सतत घटत आले आहे.

पैठणचा नाथसागर वेगळा प्रकार दाखवतो. जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि पाण्याखाली गेलेल्या प्रदेशातले उंचवटे बेटांच्या रूपात वर राहिले. जलाशय पसरट आणि उथळ असल्यामुळे पातळीतला थोडा फरकही नकाशा बदलून टाकतो. परतीच्या पावसानंतर धरण भरलेले असताना जे बेट असते, ते उन्हाळ्यात काठाला जोडले जाते. तिथवर चालत जाता येते आणि गाळपेरही होते. हिवाळ्यात याच बेटांवर आणि दलदलीच्या काठांवर रोहित पक्ष्यांसह अनेक स्थलांतरित पक्षी उतरतात. १९८६ मध्ये हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. समुद्राची पातळी चढली-उतरली की जमिनीचे बेट आणि बेटाची जमीन कशी होते, हे नाथसागराच्या काठी एका वर्षात पाहता येते. हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता, तेव्हा श्रीलंका भारताला आणि ब्रिटन युरोपला जोडलेले होते.

खंडीय बेटे. श्रीलंका आणि ब्रिटन ही खंडाच्या उथळ पायथ्यावरची बेटे आहेत. जगातले सर्वांत मोठे बेट ग्रीनलंड हेही उत्तर अमेरिकेच्या भूपट्टाचाच, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या त्या सरकत्या तुकड्याचाच, भाग आहे. मादागास्कर मात्र आधी आफ्रिकेपासून आणि नंतर, सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी, भारतापासून तुटून एकटे पडले. सेशेल्सची ग्रॅनाइटची बेटे भारतापासून अलग झाली ती साधारण दख्खनमध्ये लाव्हा वाहत होता त्याच सुमारास. भर महासागरात ग्रॅनाइट सापडणे ही विरळा गोष्ट आहे, कारण महासागराचा तळ बेसॉल्टचा असतो.

ज्वालामुखी बेटे. एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो तिथे खोलवर खडक वितळतो आणि ज्वालामुखींची रांग समुद्रातून डोके वर काढते. जपान, फिलिपिन्स आणि इंडोनेशियाची बरीच बेटे अशीच उभी राहिली. अंदमानातले बॅरन बेट याच प्रकारचे असून १९९१ मध्ये तो ज्वालामुखी पुन्हा जागा झाला. भारतातला हा एकमेव जागृत ज्वालामुखी होय. आइसलंडजवळ नोव्हेंबर १९६३ मध्ये समुद्रातून सर्ट्सी नावाचे नवे बेट वर आले. उद्रेक १९६७ पर्यंत चालला, बेट २.७ चौरस किलोमीटरपर्यंत वाढले आणि तेव्हापासून लाटांनी झिजून जवळपास निम्मे झाले आहे. बेटांना आयुष्य असते, आणि ज्वालामुखी बेटांचे आयुष्य भूशास्त्राच्या मोजमापात फार थोडे असते.

मराठवाड्याशी थेट नाते आहे ते ज्वालामुखी बेटांच्याच आणखी एका प्रकाराचे, म्हणजे तप्तबिंदूवरच्या बेटांचे. पृथ्वीच्या प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जाड थरात, काही जागी खालून सतत उष्णता वर येते. ती जागा जवळपास स्थिर राहते आणि वरचा भूपट्ट सरकत जातो. जळत्या दिव्यावरून कागद हळूहळू ओढला तर त्यावर काजळीची रेघ उमटते, तशी भूपट्टावर ज्वालामुखींची रेघ उमटते. हवाई बेटांची साखळी अशी बनली आहे. हिंदी महासागरात हे काम मादागास्करच्या पूर्वेकडील रेयूनियन बेटाखालच्या तप्तबिंदूने केले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूपट्ट त्याच्यावरून जात असताना दख्खनमध्ये जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हाचे लोटच्या लोट बाहेर आले. आज त्याने व्यापलेला प्रदेश सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. अजिंठ्याचे आणि बालाघाटाचे डोंगर दुरून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. त्यातली साधारण एकेक पायरी म्हणजे लाव्हाचा एकेक थर. वेरूळचे कैलास लेणे वरून खाली खोदत आणता आले ते याच खडकात.

विहिरीच्या कडेला उभे राहून हा इतिहास वाचता येतो. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या खडक, मग छिन्नीलाही न जुमानणारा काळा पाषाण. मांजऱ्यातली भोके म्हणजे थिजत्या लाव्हातून निसटलेल्या वायूच्या जागा. पुढे त्यांत पांढरी, चमकदार खनिजे भरली. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड होऊन त्याच्या माथ्याची माती होण्याइतका काळ उलटला आणि मग दुसरा लाव्हा आला, याची ती खूण आहे.

भारत उत्तरेकडे सरकत राहिला. तप्तबिंदू जागेवर राहिला आणि त्याचा माग समुद्रतळावर लांबत गेला. लक्षद्वीप-मालदीव-चागोस ही पाण्याखालची लांबलचक डोंगररांग म्हणजे तो माग मानला जातो. १९८७ मध्ये समुद्रतळाला छिद्रे घेणाऱ्या एका मोहिमेत या रांगेवर मालदीवजवळ मिळालेला बेसॉल्ट सुमारे ५.७ कोटी वर्षांचा, तर चागोसजवळचा सुमारे ४.९ कोटी वर्षांचा निघाला. मॉरिशसचा सर्वांत जुना खडक ९० लाख वर्षांच्या आसपासचा आहे आणि रेयूनियन बेट जेमतेम २० लाख वर्षांचे. दक्षिणेकडे जावे तसतसे वय उतरत जाते. रेयूनियनवरचा पितों द ला फुर्नेज हा ज्वालामुखी आजही वारंवार उसळतो. मराठवाड्याखालचा पाषाण ज्या चुलवणातून आला, ते अजून पेटलेले आहे.

प्रवाळ आणि भित्ती. प्रवाळ ही वनस्पती नव्हे, दगडही नव्हे. तो प्राणी आहे. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळाचा एकेक जीव बहुधा काही मिलिमीटरांचा असतो. पिशवीसारखे शरीर, वर तोंड आणि तोंडाभोवती दंशपेशी असलेल्या स्पर्शिकांचे कडे. दिवसा तो आखडून बसतो आणि रात्री स्पर्शिका पसरून पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतो. बूड मात्र एकदा टेकले की हलत नाही. समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन तो स्वतःखाली चुन्याची वाटी बांधतो, तिच्यावर नवा थर चढवतो आणि वर सरकतो. आपल्या शेतात सापडणाऱ्या चुनखडीचे आणि या वाटीचे रसायन एकच, कॅल्शियम कार्बोनेट. प्रवाळाच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. प्रवाळाचे रंगही बरेचसे या शैवालामुळेच येतात.

प्रवाळाच्या साऱ्या अटी या भागीदारीतून निघतात. प्रकाश हवा, म्हणून भित्ती बहुतेक ५० मीटरांपेक्षा कमी खोलीत वाढते. पाणी साधारण २० ते २९ अंश सेल्सिअसचे हवे, खारे हवे आणि मुख्य म्हणजे नितळ हवे. वाढ संथ असते. गोलाकार, भरीव प्रवाळ वर्षाला एक-दोन सेंटिमीटरही वाढत नाहीत. फांद्यांचे प्रवाळ दहा सेंटिमीटरपर्यंत जातात.

भित्तीचे तीन मुख्य प्रकार मानतात : किनाऱ्याला चिकटून वाढणारी, किनाऱ्यापासून दूर राहून मध्ये खोल पाणी ठेवणारी अवरोधक भित्ती आणि मधोमध जमीनच नसलेले, खारकच्छाला, म्हणजे उथळ खाऱ्या तळ्याला, वेढणारे कंकणद्वीप. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येची ग्रेट बॅरियर रीफ दुसऱ्या प्रकारची असून तिची लांबी सुमारे २,३०० किलोमीटर आहे. लक्षद्वीप आणि मालदीव हे तिसऱ्या प्रकाराचे नमुने होत.

डार्विनचे अनुमान आणि दोन छिद्रे. प्रवाळ खोल पाण्यात वाढत नाही, मग भर महासागरात, जिथे चहूकडे तळ हजारो मीटर खाली आहे, तिथे प्रवाळाची कंकणे आली कुठून? चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये मांडलेले उत्तर असे : आधी ज्वालामुखी बेट असते, त्याच्या काठाने भित्ती वाढते. बेट स्वतःच्या भाराने आणि थंडावणाऱ्या तळाबरोबर हळूहळू खचते. प्रवाळ त्याच गतीने वर बांधत राहतो. काठची भित्ती अवरोधक होते आणि शेवटी डोंगर पूर्ण बुडाला की उरते ते कंकण. एकही कंकणद्वीप प्रत्यक्ष पाहण्याआधी, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर असतानाच त्याने हे अनुमान बांधले होते. भूशास्त्रातल्या इतक्या देखण्या अनुमानाला दुसरी जोड सापडणे अवघड आहे.

तपासायचे तर खोल छिद्र घेणे हाच मार्ग होता. १८९६ ते १८९८ दरम्यान प्रशांत महासागरातल्या फुनाफुती कंकणद्वीपावर सुमारे ३४० मीटर खोल छिद्र घेतले गेले. तळापर्यंत सगळा चुन्याचाच खडक निघाला. बेसॉल्ट काही लागला नाही, त्यामुळे वाद मिटला नाही. अखेर १९५२ मध्ये प्रशांत महासागरातल्याच एनिवेटोक कंकणद्वीपावर १,२५० मीटरहून अधिक खोलीवर ज्वालामुखीचा खडक हाती आला आणि डार्विन खरा ठरला.

या आकड्यांशेजारी मराठवाड्यातला एक आकडा ठेवण्यासारखा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर अभ्यासासाठी किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले. तिथे बेसॉल्ट संपला तो ३३८ मीटरवर. त्याखाली गाळाचा पातळसा थर लागला आणि मग अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक. फुनाफुतीच्या जवळपास तेवढ्याच खोलीत तिकडे नुसता प्रवाळ आणि इकडे नुसता लाव्हा. जमिनीवरचा लाव्हा उघडा राहिला, झिजला आणि त्याची काळी माती झाली. समुद्रातला खचला आणि प्रवाळाने झाकला. पूर्वेकडे देगलूर-बिलोलीच्या बाजूला बेसॉल्टचा थर संपून ग्रॅनाइट उघडा पडतो.

कुठे आढळतात आणि कुठे नाहीत. प्रवाळभित्ती मुख्यतः विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांच्या आत आढळतात : तांबडा समुद्र, कॅरिबियन, इंडोनेशिया-फिलिपिन्सचा परिसर, प्रशांत महासागरातील बेटे. भारतात कच्छचे आखात, मन्नारचे आखात व पाल्कची सामुद्रधुनी, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप ही प्रमुख ठिकाणे आहेत. महाराष्ट्रात मालवणजवळ थोडे प्रवाळ आहेत आणि विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर समुद्रात कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळमंच आहे.

गोदावरीच्या मुखाशी प्रवाळभित्ती नाही, आणि त्यात मराठवाड्याचा वाटा आहे. पावसाळ्यात नदी गढूळ होते ती या काळ्या मातीनेही. गढूळ पाणी प्रकाश अडवते, गाळ प्रवाळाला गुदमरवतो आणि पुराचे गोडे पाणी खारेपणा उतरवते. गंगा, महानदी, गोदावरी, कृष्णा यांच्या मुखांमुळे पूर्व किनाऱ्याचा मोठा पट्टा प्रवाळाविना राहिला. त्याच गाळाने गोदावरीच्या मुखाजवळच्या कोनसीमेसारखा सुपीक, नदीच्या फाट्यांनी वेढलेला प्रदेश घडवला.

बेटावरचे पाणी. लक्षद्वीपमध्ये ३६ बेटे मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर आहे आणि तीही समुद्रसपाटीपासून मोजक्याच मीटरांवर. नदी नाही, ओढा नाही. पाऊस प्रवाळाच्या वाळूतून खाली मुरतो आणि वजनाने हलका असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकाराचा गोड्या पाण्याचा थर तरंगत राहतो. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी असू शकते. हिशेब उलटाही चालतो. वरून जास्त उपसा झाला की खालचे खारे पाणी झपाट्याने वर चढते आणि विहीर नासते. बोअर कोरडी पडणे म्हणजे काय, हे मराठवाड्याला सांगावे लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले होते. बेटावर रेल्वेही नसते. लक्षद्वीपची राजधानी कवरत्ती इथे २००५ मध्ये समुद्राच्या वरच्या आणि खोल पाण्यातल्या तापमानाचा फरक वापरून दिवसाला एक लाख लिटर गोडे पाणी करणारा प्रकल्प उभा करावा लागला.

विरंजन. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ आपल्यातले शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. लवकर गारवा आला तर सावरतो, नाही तर उपाशी मरतो. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये लक्षद्वीपच्या भित्तींना याचा जबर फटका बसला. चौथे जागतिक विरंजन सुरू असल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले. भित्ती मेली की लाटा अडत नाहीत आणि बेटाला नवी वाळूही मिळत नाही, कारण ती वाळू प्रवाळाच्याच चुऱ्याची असते.

पोवळे. सराफ्यात मिळणारे तांबडे पोवळे भित्ती बांधणाऱ्या प्रवाळाचे नसते. ते मुख्यतः भूमध्य समुद्रातल्या वेगळ्या जातीचे असून सावलीच्या, खोल पाण्यात, शैवालाच्या मदतीविना वाढते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भरुच बंदरात उतरणाऱ्या मालात पोवळ्याची नोंद आहे. त्याच ग्रंथात पैठण आणि तेर या गावांहून भरुचला गाड्यांतून जाणाऱ्या मालाचेही वर्णन आहे : पैठणचे अकीक आणि तेरचे कापड. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. त्यामुळे अंदमान किंवा लक्षद्वीपच्या सहलीत किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून पिशवीत टाकून आणणे हाही गुन्हा ठरतो.