परक्यासमोर नावडत्या सरकारची बाजू घेणं

सरकारवर काडीचा भरवसा नाही, नेते खोटं बोलतात, पोलीस मारतात असं रोज म्हणणारे लोक बाहेरचा देश अंगावर आला की त्याच सरकारच्या बाजूनं उभे राहतात, या वागण्याला राज्यशास्त्रात 'रॅली राउंड द फ्लॅग इफेक्ट' असं नाव आहे, आपण झेंड्याभोवती गोळा होणं म्हणू. विश्वास आणि निष्ठा या दोन गोष्टी इथं वेगळ्या धरायलाच हव्यात नाहीतर पुढचं सगळं चुकीचं कळतं. विश्वास सरकारवर असतो किंवा नसतो, निष्ठा मात्र बहुतेक वेळा देशाशी असते, आणि युद्धात देशाच्या वतीनं लढायला किंवा तह करायला दुसरं कोणी हजरच नसतं, म्हणून ती निष्ठा सरकारच्या खात्यात जमा झालेली दिसते.

महाभारतातली घोषयात्रेची गोष्ट याचीच आहे. वनवासातल्या पांडवांना खिजवायला आलेल्या दुर्योधनाला गंधर्वांनी पकडलं, भीमाला वाटलं बरं झालं, आपलं काम परस्पर झालं, पण युधिष्ठिरानं त्याला सोडवायला लावलं. 'वयं पंचाधिकं शतम्', म्हणजे आपसात ते शंभर आणि आपण पाच, परक्यासमोर मात्र एकशे पाच, हे वचन त्याच प्रसंगाचं म्हणून सांगतात. लोक गोष्ट इथंच थांबवतात पण पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे: सुटलेला दुर्योधन कृतज्ञ वगैरे काही झाला नाही, अपमान वाटून प्राण द्यायला बसला, आणि वनवास संपल्यावर सुईच्या टोकाएवढीही जमीन दिली नाही. पांडवांनीही हक्क सोडला नव्हताच, युद्ध व्हायचं ते झालंच.

अभ्यास म्हणून या विषयाला आकार दिला जॉन म्युलर या अमेरिकन अभ्यासकानं, १९७० साली. त्याच्या मते घटना आंतरराष्ट्रीय हवी, त्यात देश आणि राष्ट्राध्यक्ष थेट गुंतलेले हवेत, आणि ती ठळक, नाट्यमय हवी. सरकारनं काही चांगलं केलेलं असायची गरज नाही हे यातलं सगळ्यात विलक्षण. एप्रिल १९६१ मध्ये क्यूबावरची बे ऑफ पिग्जची अमेरिकेची मोहीम पार फसली तरी त्यानंतर राष्ट्राध्यक्ष केनेडींची लोकप्रियता गॅलप या मतचाचणी संस्थेच्या पाहणीत ८३ टक्क्यांवर गेली. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याआधी धाकटे बुश ५१ टक्क्यांवर होते, दोन आठवड्यांत ९० वर. पण थोरले बुश १९९१ च्या आखाती युद्धानंतर ८९ वर होते आणि १९९२ ची निवडणूक हरले, म्हणजे हे टिकत नाही.

अर्जेंटिनाचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. १९७६ पासून तिथं लष्करी जुंटा, म्हणजे सेनाधिकाऱ्यांच्या गटाची सत्ता होती, हजारो माणसं उचलून गायब केलेली, महागाई भयंकर. ३० मार्च १९८२ ला कामगार संघटनांनी ब्युनोस आयर्समध्ये सरकारविरुद्ध मोठा मोर्चा काढला, पोलिसांनी तो झोडपला, शेकडो लोक आत टाकले. २ एप्रिलला सैन्यानं ब्रिटनच्या ताब्यातली फॉकलंड बेटं घेतली, ज्यांना ते माल्विनास म्हणतात, आणि त्याच शहरात प्लाझा दे मायो हा चौक जल्लोष करणाऱ्यांनी भरून गेला. मधे फक्त तीन दिवस. तीन दिवसांत लोक मार विसरले असं म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, बेटं आपली आहेत हे त्यांना जुंटाच्या आधीपासून वाटत होतं. गायब झालेल्या मुलांच्या आया त्याच चौकात दर आठवड्याला उभ्या राहायच्या, त्यांची त्या वेळची घोषणा होती 'माल्विनास अर्जेंटिनाची आहेत, गायब केलेलेही'. मला तरी यापेक्षा नेमकी मांडणी कुठं सापडलेली नाही. १४ जूनला सैन्य शरण गेलं, काही दिवसांत जुंटाचे प्रमुख जनरल गाल्तिएरी पायउतार झाले, ऑक्टोबर १९८३ मध्ये निवडणूक झाली आणि १९८५ मध्ये जुंटाच्या नेत्यांवर खटला चालला.

शत्रूचीही इथं बहुतेक वेळा एकच चूक होते, लोक सरकारला वैतागलेत म्हणजे आपलं स्वागत करतील असं त्याला वाटतं. सप्टेंबर १९८० मध्ये इराकच्या सद्दामनं इराणवर हल्ला केला तेव्हा खुझेस्तान या इराणच्या सीमाप्रांतातले अरब उठाव करतील असा त्याचा हिशोब होता, बहुतेकांनी केला नाही, उलट १९७९ च्या क्रांतीनंतर आलेल्या नव्या राजवटीनं तुरुंगात टाकलेले, शहाच्या म्हणजे आधीच्या राजाच्या काळातले काही वैमानिक बाहेर येऊन इराणसाठी उडाले. १९८२ नंतर इराणी फौजा इराकमध्ये घुसल्या तेव्हा इराकचे शिया सैनिक शियाबहुल इराणच्या म्हणजे आपल्या बाजूला येतील असं इराणला वाटलं, तेही झालं नाही. आर्थिक निर्बंधांचंही असंच होऊ शकतं, नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६७ मध्येच ऱ्होडेशियाचं (आजच्या झिंबाब्वेचं) उदाहरण घेऊन लिहिलं की बाहेरून दाब आला की समाज फुटण्याऐवजी कधीकधी एकत्र येतो.

हे का होतं यावर दोन मतं आहेत. एक म्हणजे देशप्रेम, धोका दिसला की माणूस आपल्या गटाकडे सरकतो. दुसरं मत अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ रिचर्ड ब्रॉडी यांचं, की संकटाच्या पहिल्या दिवसांत विरोधी पक्ष गप्प बसतात, माहिती फक्त सरकारकडून येते, टीका ऐकूच येत नाही म्हणून लोकांचं मत वर जातं. मला दोन्ही खरी वाटतात, पण दुसऱ्याचं वजन कमी धरलं जातं. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मनीचे सोशल डेमोक्रॅट या समाजवादी पक्षाचे लोक, जे आदल्या महिन्यात युद्धाविरुद्ध सभा घेत होते, त्यांनी ४ तारखेला युद्धाच्या कर्जाला मत दिलं आणि त्यानंतर 'नाही' म्हणणारं संसदेत कोणी उरलंच नाही, डिसेंबरमध्ये त्याच पक्षाचा कार्ल लीबक्नेख्ट एकटा विरोधात उभा राहीपर्यंत.

पण बाजू घेणं म्हणजे तोंड बंद ठेवणं असं नाही. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या 'पिट्सबर्ग कुरिअर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रानं 'डबल व्ही' मोहीम चालवली, बाहेर हुकूमशाहीवर विजय आणि घरात वर्णभेदावर विजय, दोन्ही एकाच वेळी. सैन्यातही वेगळ्या तुकड्यांत ठेवलेली माणसं लढायला गेली आणि मागणी सोडली नाही, शेवटी १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातला वर्णभेद संपवायचा आदेश काढला.

प्रत्येक वेळी लोक गोळा होतातच असंही नाही. ज्यांना आपलं सरकारच परकं वाटतं ते येत नाहीत, १९४१ मध्ये पश्चिम युक्रेनच्या काही भागात जर्मन सैन्याचं स्वागत झालं कारण तिथं सोव्हिएत सत्ता येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि त्यात अटका, हद्दपारी हेच बघितलेलं. लांबलेलं युद्धही हे संपवतं, १९१४ ला रशियात झारसाठी जमलेली गर्दी १९१७ मध्ये त्याच्याविरुद्ध रस्त्यावर होती.

हुकूमशाहीत हे मोजायचं कसं हा अजून एक वेगळाच प्रश्न, कारण भीतीपोटी कोणीही 'हो' म्हणेल. २०१४ मध्ये रशियानं युक्रेनचा क्रिमिया घेतल्यावर पुतिन यांचा पाठिंबा ८० टक्क्यांच्या वर गेला, तो खरा की भीतीचा हे बघायला २०१५ मध्ये अभ्यासकांनी लिस्ट एक्स्पेरिमेंट वापरला, ज्यात माणूस कोणाचं नाव न घेता यादीतल्या किती नेत्यांना पाठिंबा आहे एवढा आकडाच सांगतो, आणि काहींच्या यादीत पुतिन असतात, काहींच्या नसतात, त्या दोन गटांतल्या फरकावरून खरा पाठिंबा काढतात. पाठिंबा थोडा खाली आला पण बराचसा तसाच राहिला. म्हणजे तेव्हाचं ते गोळा होणं बऱ्याच अंशी खरं होतं, पण लोक नेत्यामागं आले होते की क्रिमियामागं, हे त्या आकड्यातून वेगळं काढता येत नाही.