टँकमधे कॅल्शियम ५४०? आधी केएच बघा

मावसभाऊ स्टुटगार्टला असतो, हॉलमधे ३०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा रीफ टँक, कोरल (प्रवाळ) वगैरे सगळं. मागे एका रात्री त्याचा मेसेज, "दादा कॅल्शियम ५४० आलंय, समुद्रात ४२० असतं ना? कोरल मरतील का?" घरात केमिस्ट्रीवाला मी एकटाच, त्यामुळे असले प्रश्न माझ्याकडेच येतात.

तर पहिली गोष्ट, ५४० पीपीएम म्हणजे लिटरमागे ५४० मिलिग्रॅम, आणि एवढ्याने कोरल लगेच मरत नाहीत. ३८० ते ४५० मधे ठेवा असं सगळे सांगतात, ते बरोबरच आहे, पण नुसता कॅल्शियमचा आकडा बघून काही कळत नाही, सोबत केएच लागतो. केएच म्हणजे पाण्यातला कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, मोजायचं माप डीकेएच, आणि त्यातला डी म्हणजे डॉइच, म्हणजे हे माप जर्मनांचंच. समुद्रात तो साधारण ७ असतो.

आता कोरल काय करतं, तर कॅल्शियम आणि कार्बोनेट जोडून स्वतःचा सांगाडा बांधतं, आपल्या शिंपल्या असतात त्याच जातीचा माल. गंमत अशी की समुद्राच्या पाण्यात दोन्ही एकाच रासायनिक मापाने (लिटरमागे मिलिइक्विव्हॅलंट) मोजलं तर कॅल्शियम २१ भरतं आणि केएचवाला साठा जेमतेम अडीच. म्हणजे बेसन डबाभर आणि तूप दोन चमचे, लाडू किती होणार ते तूप ठरवणार, वरून अजून बेसन ओतून काय उपयोग? कॅल्शियम वाढवलं की कोरल भराभर वाढतात असं समजून लोक बाटल्याच्या बाटल्या ओततात, ते पैसे पाण्यातच जातात (शब्दशः).

कॅल्शियम जास्त असण्याचा खरा धोका वेगळा. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट आधीच मावेल त्यापेक्षा जास्त विरघळलेलं असतं, मॅग्नेशियम त्याचे खडे वाढू देत नाही म्हणून ते दम धरून असतं, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास लागतं ते त्यासाठीच. त्यात कॅल्शियम पण चढलेलं आणि तुम्ही केएच एकदम वाढवला की सगळं भसकन खाली बसतं, आणि पहिलं कुठे बसतं तर हीटरवर, कारण कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो ना, सेम.

भावाने नेमकं तेच केलं होतं. मला विचारायच्या आधी कुठेतरी वाचून केएचचं पावडर एका दमात ओतलं, केएच १२ वर गेला आणि तासाभरात टँक दुधासारखा. सकाळी केएच ९, कॅल्शियम ५२०. बघा, २.८ केएच गेला की कॅल्शियम फक्त २० ने उतरतं, हे प्रमाण ठरलेलं आहे. त्यामुळे साका बसवून कॅल्शियम उतरवायला गेलात तर केएच आधी संपेल आणि कोरल खरंच अडचणीत येतील.

मग मी त्याला खारेपणा मोजायला लावला. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं यंत्र) ३५ च्या, म्हणजे समुद्रासारखं किलोमागे ३५ ग्रॅम मीठ असलेल्या, स्टँडर्ड पाण्याने सेट केला तर टँकचं पाणी ३७ निघालं. उडालेल्या पाण्याची भरपाई साहेब मिठाच्या पाण्याने करत होते! पाणी उडतं, मीठ नाही, भरपाई साध्या आरओच्या पाण्याचीच हवी. नुसता खारेपणा ३५ वर आणला तरी ५२० चे ४९२ होतात. आणि मुळात कॅल्शियम एवढं चढलं कसं, तर जुनी टेस्ट किट एक्स्पायरी उलटलेली, ती कमी दाखवायची आणि हा अजून ओतायचा. त्या टेस्टमधे थेंब थेंब औषध टाकत गुलाबी पाण्याचं निळं करायचं असतं, मधे एक जांभळा टप्पा येतो तिथेच माणूस थांबतो, पिवळ्या दिव्याखाली तर हमखास.

पाणी बदलून फार फरक पडत नाही, ५४० च्या टँकमधलं २०% पाणी काढून ४२० चं भरलं तरी ५१६ च. खरा उपाय कंटाळवाणा आहे, कॅल्शियमचा डोस बंद, फक्त केएच रोजचा रोज भरायचा आणि कोरलना खाऊ द्यायचं. त्याचा टँक दिवसाला १ केएच खातो, म्हणजे कॅल्शियम दिवसाला ७ ने उतरणार. ३०० लिटरला १ केएच म्हणजे ९ ग्रॅम खायचा सोडा, आरओच्या पाण्यात विरघळवून हळूहळू सोडायचा.

त्याने विचारलं, काल्कवासर चालेल का? हे काल्कवासर म्हणजे आपली शाळेतली चुन्याची निवळी हो, स्ट्रॉने फुंकलं की पांढरी व्हायची ती. रीफ टँकमधे ती पीटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात रूढ केली. चीज भारी आहे, पण ती कॅल्शियम आणि केएच कोरल खातं त्याच प्रमाणात देते, म्हणजे आधीचं जास्तीचं तसंच राहणार. तोवर सोडाच.

४९२ वरून उतरायला हिशोबाने नऊ दिवस, लागले बारा, आता ४३५ आणि केएच ८. पंपाचा इंपेलर मात्र त्या पांढऱ्या पावडरने जाम झाला होता, रात्रभर व्हिनेगरमधे ठेवून टूथब्रशने घासला तेव्हा कुठे फिरायला लागला.