श्रोणिमेखला, पक्ष्यांची (भ्रूणविकास)

श्रोणिमेखला म्हणजे पाय धडाला जोडणारा कमरेचा हाडांचा सांगाडा. पक्ष्यांच्या श्रोणिमेखलेच्या प्रत्येक बाजूस श्रोणिफलक (वरचे रुंद हाड), आसनास्थी (मागचे खालचे हाड) आणि जघनास्थी (खालचे बारीक हाड) अशी तीन हाडे असतात व ती मांडीच्या हाडाच्या उखळीभोवती एकत्र येतात. प्रौढ पक्ष्यात जघनास्थी मागे वळून आसनास्थीला जवळजवळ समांतर जाते, उखळीचा तळ आरपार उघडा असतो आणि दोन्ही बाजूंच्या जघनास्थी मध्यरेषेवर सहसा जुळत नाहीत. शहामृगात त्या जुळतात. ही रचना भ्रूणात कशी घडते याची बहुतेक माहिती कोंबडी व जपानी लावा यांच्या अंड्यांवरून मिळालेली आहे; इतर पक्ष्यांविषयीची निरीक्षणे तुलनेने तुटक आहेत.

कोंबडीचे अंडे 21 दिवसांत उबते. उबवणीच्या तिसऱ्या दिवसाच्या सुमारास पायाचे अंकुर दिसू लागतात. मेखलेच्या पेशी कोठून येतात हा प्रश्न दीर्घकाळ चर्चेत होता. फ्रेंच भ्रूणशास्त्रज्ञ निकोल ल दुआरँ यांनी 1969 मध्ये मांडलेल्या पद्धतीमुळे त्याचा उलगडा सुकर झाला. लाव्याच्या पेशीकेंद्रकात गडद रंगणारा गोळा स्पष्ट दिसतो, कोंबडीच्या केंद्रकात तो तसा दिसत नाही. त्यामुळे कोंबडीच्या भ्रूणात रोपलेली लाव्याची पेशी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून ओळखता येते. अशा प्रयोगांनुसार खांद्याच्या फलकाचा काही भाग कायखंडांपासून (भ्रूणाच्या कण्यालगत असलेल्या मध्यस्तराच्या ठोकळ्यांपासून) बनतो, तर श्रोणिमेखला पार्श्व मध्यस्तरापासून (भ्रूणाच्या मधल्या पेशीथराच्या बाजूच्या भागापासून) बनते. मात्र तिच्या वाढीस बाह्यस्तराचे (बाहेरच्या पेशीथराचे) व कायखंडांकडील मध्यस्तराचे संकेत लागतात, असे 2008 मधील प्रयोगांवरून दिसते. म्हणून खांद्याची व श्रोणीची अशा दोन्ही मेखलांना एकाच घडणीच्या मानणारी जुनी मांडणी आता ग्राह्य वाटत नाही.

सर्वाधिक वाद जघनास्थीच्या दिशेवर झाला. पक्षी व डायनोसॉर यांचे नाते इंग्रज जीवशास्त्रज्ञ टॉमस हक्स्ली यांनी 1870 च्या सुमारास प्रामुख्याने श्रोणी व पायाच्या हाडांवरून मांडले होते. त्यामुळे भ्रूणातील मेखलेला विशेष महत्त्व आले. अ‍ॅलिस जॉन्सन यांनी 1883 मध्ये कोंबडीच्या भ्रूणातील जघनास्थी आरंभी मागे वळलेली नसते आणि नंतर मागे फिरते, असे दाखवले. या निरीक्षणाचे श्रेय जॉन्सन यांना आवर्जून द्यायला हवे. पुढील सर्व चर्चा त्यावर उभी आहे. कूर्चा (हाडाआधीची मऊ, लवचिक ऊती) निळी रंगवणाऱ्या अ‍ॅल्शियन ब्लू या रंगाने रंगवलेल्या सुमारे सहा दिवसांच्या भ्रूणात ही निळी कूर्चा पाहिली, तर जघनास्थीची बारीक काडी जवळजवळ खाली रोखलेली दिसते आणि श्रोणिफलकाचा पुढचा भाग अजून आखूड असतो. 2022 मध्ये येल विद्यापीठातील गटाने कोंबडी, लावा, बजरीगार (छोटा पोपट), टिनॅमू (शहामृगाच्या नात्यातला पक्षी) व अ‍ॅलिगेटर मगर यांच्या भ्रूणांची त्रिमितीय तुलना केली. पक्ष्यांची श्रोणी प्रथम आद्य डायनोसॉरांसारखी दिसते आणि पक्षीवर्गीय वैशिष्ट्ये नंतरच्या अवस्थेत येतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हा निष्कर्ष पटण्यासारखा आहे. परंतु भ्रूण प्रौढ पूर्वजांच्या अवस्थांतून जातो, असा जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलच्या धर्तीचा अर्थ त्यातून काढू नये. उखळीच्या पुढे निघणारे टोक श्रोणिफलकाचा भाग की जघनास्थीचा, याविषयी पूर्वीच्या अभ्यासकांत मतभेद होते.

उखळीचा तळ सुरुवातीपासून उघडा नसतो. तेथील कूर्चानिर्मिती थांबून सांध्यामधील ऊतीसारखी ऊती तयार होते आणि त्यातून छिद्र पडते, असे 2018 मधील अभ्यासात सुचवले आहे.

अस्थीभवन (कूर्चेचे हाडात रूपांतर) श्रोणिफलकापासून सुरू होते. पिल्लू बाहेर येते तेव्हा तिन्ही हाडांमध्ये उखळीपाशी कूर्चा शिल्लक असते. त्यांचे परस्परांशी व संयुक्त त्रिकास्थीशी (कमरेच्या जुळलेल्या मणक्यांच्या हाडाशी) एकजीव होणे उबवणीनंतर पूर्ण होते. जघनास्थींची टोके मात्र मोकळीच राहतात. अंडी घालणाऱ्या कोंबडीच्या गुदद्वाराखाली त्यांमध्ये दोन-तीन बोटे मावतील इतके अंतर हाताला लागते व कुक्कुटपालक त्यावरूनच अंड्यावर आलेली कोंबडी ओळखतात.