‘हेरिटेजात गेलं’ : कोल्हापूरच्या जुन्या घरांच्या यादीमागचं घोंगडं

मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अंबाबाई मंदिर परिसराच्या सुमारे १,४४५ कोटी रुपयांच्या आराखड्याला मान्यता दिली. तेव्हापासून महाद्वार रोड, जोतिबा रोड, ताराबाई रोडच्या बोळांत एकच विषय आहे, कुणाचं किती जाणार. त्याआधीपासून याच बोळांत आणि नदीकडच्या पेठांत आणखी काही माणसं टेप आणि वही घेऊन फिरताहेत. आर्किटेक्चर शिकणारी मुलं, एक-दोन निवृत्त शिक्षक, तालमीतली पोरं, आणि सुट्टीच्या दिवशीही बरोबर येणारे नगररचनेतले एखाद-दोन अधिकारी. जुन्या घरांच्या यादीसाठी ते घरं मोजतात, खांब मोजतात, दारांचे फोटो काढतात. लोक आराखड्याची मोजणी आणि ही मोजणी यात फरक करत नाहीत. ‘आमचं हेरिटेजात गेलं काय?’ असं विचारतात. आरक्षणात गेलं, रस्त्यात गेलं, तसंच हेही. या एका क्रियापदात या विषयाचा निम्मा इतिहास आहे.

फार मागे जायची गरज नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस कोल्हापूर संस्थानाची राजधानी पन्हाळ्यावरून खाली आली, तिच्यामागे सरदार आले आणि त्यांचे वाडे आले. संस्थानाच्या ताब्यात विशाळगड, बावडा, कागलच्या दोन पात्या, इचलकरंजी, कापशी, तोरगल, हिंमतबहाद्दर आणि सरलष्कर अशा नऊ जहागिऱ्या होत्या. आपापल्या गावी गढी असली तरी दरबारासाठी बहुतेकांना शहरात वाडा लागायचाच. तट आणि वेशी केव्हाच गेल्या. गंगावेश, रंकाळावेश, वरुणतीर्थवेश ही नावं राहिली आणि बिंदू चौकातला बुरूज राहिला. नवा राजवाडा, टाउन हॉल, सीपीआर रुग्णालयाची इमारत, पॅलेस थिएटर ही पुढची भर. त्यांच्याबद्दल भरपूर लिहून झालंय आणि त्यांना कुणी पाडायला निघालेलंही नाही.

घरांची गोष्ट वेगळी आहे. सरदारांच्या वाड्यांपेक्षा शहरात जास्त होती आणि अजून आहेत ती साधी घरं. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर भेंड्याच्या (कच्च्या मातीच्या विटांच्या) किंवा पांढऱ्या मातीच्या भिंती, पुढे सोपा, मग माजघर, चूल, मागे परडं, वर माडी आणि मंगलोरी कौलं. पावसामुळे इथे देशावरच्यासारखं मातीचं धाबं टिकत नाही, उतरतं छप्परच लागतं. कित्येक घरांत सोप्याला लागूनच गोठा असे. गंगावेशीत ग्राहकासमोर म्हैस पिळून पेला हातात देण्याची रीत आहे, ती हौसेखातर सुरू झालेली नाही. म्हशी शहरातच राहत होत्या, माणसांच्या शेजारच्या खणात. आता प्रश्न असा की गोठ्याच्या घराला वाडा म्हणायचं का? मालक म्हणतात, ‘आमचं कसलं वाडा, घर आहे.’ मोजणारे म्हणतात, हेच तर जपायचंय. सरदाराच्या वाड्यासारखे वाडे इतर शहरांतही आहेत, पण पेठेच्या मधोमध गोठा असलेलं असं सलग घर सहज सापडत नाही. माझं मत मोजणाऱ्यांच्या बाजूचं आहे, हे आधीच सांगून टाकतो.

या घरांचं नशीब ठरलं ते १९४८ नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत. गांधीजींच्या हत्येनंतरच्या जळितात काही घरं गेली. ज्यांची गेली त्यांतल्या अनेकांनी मुंबई-पुणे गाठलं आणि जागा मागे राहिल्या. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. पुढच्या काही वर्षांत जहागिऱ्या आणि इनामं संपली. वाडा राहिला, वाडा पोसणारं उत्पन्न गेलं. मग सोपा एकाला, माडी दुसऱ्याला, देवडीत शिंपी, परड्यात पत्र्याची खोली, अशी भाडेकरूंची वस्ती झाली. भाडेनियंत्रणाच्या कायद्याने भाडं जिथल्या तिथे थांबवलं. भाडेकरूला त्याचा आधार होता हे खरंच. पण पाच-दहा रुपये भाड्यात कौलं फिरवायची कुणी? दर दोन-तीन वर्षांनी वैशाखात कौलं उतरवून, फुटकी बदलून, रिपा तपासून परत रचायची असतात. ते चुकलं की पहिल्या पावसाळ्यात डाग, दुसऱ्यात गळती, तिसऱ्यात तुळईचं टोक कुजतं. तुळईचं टोक भिंतीच्या आत असतं, बाहेरून दिसतच नाही. ज्या दिवशी दिसतं त्या दिवशी माडी खाली बसलेली असते. १९९९ चा नवा भाडेनियंत्रण कायदा २००० पासून लागू झाला आणि वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा मिळाली. पन्नास वर्षं गोठलेल्या भाड्यावर ४ टक्के म्हणजे किती, हे कुणीही हिशेब करून पाहावं.

आता त्या शब्दाकडे येऊ. ‘वारसा’ हा शब्द सरकारी कागदात दोन खात्यांत दोन अर्थांनी चालतो. नगररचनेत वारसा म्हणजे हेरिटेज : वारसा स्थळ, वारसा समिती, वारसा श्रेणी. सिटी सर्व्हेच्या ऑफिसात वारसा म्हणजे मागे राहिलेली मिळकत : वारस नोंद, वारसा हक्क, वारसाचा दाखला, हक्कसोड. आपल्याकडे शंभरातल्या नव्वद माणसांना पहिला अर्थ शाळेत कळतो आणि दुसरा बापाच्या मृत्यूनंतर. साहजिकच दारावर कुणी आलं आणि ‘तुमच्या वारशाची नोंद करायची आहे’ म्हणालं, की घरात शांतता पसरते. मला स्वतःला मंगळवार पेठेत हा अनुभव आला आहे. मी ‘वारसा’ म्हटलं, आणि आतून एका वहिनींनी विचारलं, ‘तुम्हाला कुणी पाठवलं, कागलच्या काकांनी?’ काकांचा दावा कोर्टात होता. पुढे अर्धा तास आम्ही कुणाचे नाही हे पटवण्यात गेला. चहा मात्र मिळाला.

हा केवळ शब्दांचा गोंधळ असता तर ‘ठेवा’ म्हणून भागलं असतं. तसा प्रयत्न झालाही, पण ‘ठेवा’ म्हटलं की लोकांना बँकेची मुदत ठेव आठवते. खरी अडचण अशी की दोन अर्थ एकाच कागदावर येऊन आदळतात. जुन्या पेठांतलं घर म्हणजे ए, बी, सी, डी यांपैकी एक वॉर्ड, एक सिटी सर्व्हे नंबर आणि त्या नंबराच्या मिळकत पत्रिकेवर पंधरा-वीस नावं. आजोबांच्या नावानंतर चार मुलं, त्यांची मुलं, दोघांनी हक्क सोडलेला, एकाची नोंदच नाही. राज्याने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क दिला. तो योग्यच होता. पण त्या आधीच्या वाटण्या तोंडी झालेल्या, त्यामुळे कागदावर बहिणी आल्या आणि घरात भाऊ बसलेले, अशी अवस्था. आता जतनासाठी अर्ज कुणी करायचा? दुरुस्तीला संमती कुणाची? यादीवर हरकत घ्यायची तर एकाने घेतली की सगळ्यांची धरायची का? वारस जास्त, म्हणून वारसा अडकला. हे मी कोटी म्हणून लिहीत नाही. सुनावणीच्या दालनात हेच होतं.

वारसा यादीची पद्धत मुंबईतून आली. तिथे १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली आणि तीन श्रेण्यांचा साचा राज्यभर पसरला. पहिल्या श्रेणीत बदलाला जवळपास वाव नाही. दुसरीत आतून मर्यादित. तिसरीत आतून-बाहेरून बदल करता येतात, पण आयुक्तांची परवानगी आणि समितीचा सल्ला लागतो. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळून जवळपास सगळ्या राज्याला एकत्रित बांधकाम नियमावली आली, तिच्यातही हाच गाभा आहे. राहती घरं बहुतेक तिसऱ्या श्रेणीतली. म्हणजे ज्या श्रेणीत सगळ्यात जास्त मोकळीक, तिचीच लोकांना सगळ्यात जास्त धास्ती. त्याला कारण आहे. राजवाड्याच्या मालकाला परवानगीची भीती नसते. न्हाणीत फरशी बसवायला निघालेल्या माणसाला असते.

शहरात ही धास्ती पक्की झाली ती जयप्रभा स्टुडिओच्या प्रकरणाने. खरं तर तो चित्रपटांचा स्टुडिओ, घर नव्हे. १९३४ मध्ये संस्थानच्या आश्रयाने उभा राहिलेला, जळितात होरपळलेला, पुन्हा उभा केलेला. त्याची जागा वारसा यादीत आली, मालकांनी आव्हान दिलं, वर्षानुवर्षं कोर्टकचेरी झाली. मग २०२२ मध्ये जागा विकल्याची बातमी फुटली आणि कलावंत, तंत्रज्ञ, पेठेतले लोक रस्त्यावर आले. त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी यादीचा आधार घेतला, तो बरोबर होता. पण पेठेतल्या घरमालकांनी यातून वेगळाच धडा घेतला. इतक्या मोठ्या माणसांना यादीतून सुटता आलं नाही, तर आपलं काय? स्टुडिओ आणि राहतं घर यांची एकाच यादीत, एकाच फॉर्मवर नोंद करण्याचा निर्णय ज्यांनी घेतला त्यांनी सोय पाहिली असेल. परिणाम मात्र असा की पुढे घरोघरी हरकती आल्या आणि त्या सगळ्या एकाच छापाच्या होत्या, एकाच टायपिस्टकडून आणल्यासारख्या.

भरपाई नाही असं नाही. जे बांधकाम करता येत नाही त्याच्या बदल्यात विकासहक्क म्हणजे टीडीआर मिळू शकतो आणि तो दुसरीकडे विकता येतो. कागदावर हे नीट दिसतं. पण टीडीआर मिळवायचा तर मालकी निर्वेध हवी, म्हणजे पुन्हा त्या वीस नावांकडे. आणि बोळातल्या माणसाला टीडीआर समजावणं म्हणजे, एका अधिकाऱ्यांच्या शब्दांत, ‘न दिसणारी म्हैस विकणं’.

दुसरा कागद याच्या उलट दिशेने येतो. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक इमारतींना नोटिसा देते. त्यांत सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची, त्याखाली दुरुस्तीच्या पायऱ्या. जुन्या मातीच्या घराला हा शिक्का सहज बसतो. कारण तपासणारा इंजिनिअर काँक्रीट शिकलेला असतो आणि भेंड्याच्या भिंतीची ताकद कशी पाहायची हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. भाडेकरू असलेल्या घरात या नोटिशीकडे संशयाने पाहिलं जातं. मालकानेच आणवली, असं उघड बोलतात. काही वेळा ते खरंही असतं.

त्यात पाणी. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यापाशी धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांपलीकडे गेलं. पाणी चढताना मातीची भिंत सहसा पडत नाही, उतरताना पडते. भिजून जड झालेली, बाहेरचा आधार गेलेला. त्या दोन पुरांनी नदीकाठच्या पेठांत जे केलं ते कुठल्याच बिल्डरला दहा वर्षांत जमलं नसतं. नंतर उभी राहिली ती पिलरवरची घरं. लोकांना दोष देता येत नाही.

शुक्रवार पेठेतल्या एका घराच्या चौकटीवर रंगाने मारलेल्या तीन रेघा आहेत : २००५, २०१९, २०२१. सागवानी चौकट, दगडी उंबरा मधोमध झिजून खोलगट झालेला, आत सोप्यात दोन खांब काळ्या तळखड्यांवर. खालच्या हातभर लाकडाचा रंग वेगळा आहे, तिथे पुराचा गाळ मुरलाय. गेल्या वर्षी त्या दारावर एका आठवड्यात दोन कागद आले. एक, घराची नोंद घेण्यासाठी सहकार्य करण्याची विनंती. दुसरा, इमारत धोकादायक असल्याची नोटीस. आजींनी दोन्ही एकाच खिळ्याला अडकवले होते. मोजणीला आलेल्या अधिकाऱ्याला म्हणाल्या, ‘साहेब, पाडायचंय का जपायचंय ते आधी तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही काय, सांगाल ते करतो.’ अधिकारी भला माणूस. त्याने दोन्ही कागदांचा फोटो काढला आणि स्वतःच्याच ऑफिसात दोन टेबलांवर फिरवला. त्यातून एवढं तरी झालं की काही ठिकाणी नोटीस निघण्याआधी मोजणीवाल्यांना निरोप यायला लागला. हा नियम नाही, ओळख आहे. त्या माणसाची बदली झाली की संपेल.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे तेच जुनं पॅलेस थिएटर, जळालं, तेव्हा शहर रडलं आणि ‘होतं तसं’ बांधायची घोषणा लगेच झाली. आगीनंतर मोजणीच्या कामाला एकदम माणसं मिळाली, कारण जे मोजलेलं नाही ते तसंच परत बांधता येत नाही, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आलं. आधी रविवारी चार-पाच जण जमायचे, मग वीस-पंचवीस व्हायला लागले. दोन महिन्यांत परत आठ-दहा. ते आठ-दहा अजून आहेत. जुन्या सागवानाचे व्यापारी मात्र त्यांच्या आधी पोचतात. पाडकाम ठरलं की दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात असतो, आणि खांब, तक्तपोशी, नक्षीची चौकट फार्महाऊस नाहीतर हॉटेलकडे रवाना होते.

आता मोजणीची पद्धत बदलली आहे. पूर्वी वहीचं पहिलं पान घराच्या नकाशाचं असे. हल्ली आधी वंशावळ लिहितात : कोण, कुठे, हयात की नाही, फोन. शुक्रवार पेठेच्या त्या घराची वंशावळ दीड पानाची झाली आहे. सतरा नावं लागली. दोन जागा अजून रिकाम्या आहेत. एक आत्या बेळगावकडे दिल्या होत्या, एवढंच आजींना आठवतं.