काँगोतला डायनासोर आणि पिसदुऱ्याचं शेण

रमण विज्ञान केंद्रातून परतताना भाचा म्हणाला, "मामा, काँगोच्या जंगलात अजून डायनासोर आहे म्हणे. शोधायला गेलेले लोक मरता मरता वाचले!"

मोहिमा खऱ्या आहेत, बाप्पा. काँगोतल्या लिकुआला भागाच्या दलदलीत 'मोकेले-म्बेम्बे', म्हणजे तो डायनासोरसारखा म्हणतात तो प्राणी, शोधायला अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रॉय मॅकल 1980 आणि 1981 मध्ये गेले होते. हाल केले ते चिखलाने अन् उकाड्याने. हाती आल्या फक्त ऐकीव गोष्टी. आजवर ना हाड सापडलं, ना धड फोटो. शिवाय एकटा प्राणी कोट्यवधी वर्षं तगत नाही, त्याला पिढ्यान्‌पिढ्या कळप लागतो, आणि कळपाची हाडं लपत नाहीत. डायनासोर 6.6 कोटी वर्षांपूर्वी संपले. आपली मानवजात जेमतेम 3 लाख वर्षांची.

खरी गंमत आपल्याच विदर्भात आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरांचं मानलं जाणारं, दगड झालेलं शेण सापडतं. त्यात गवताचे सूक्ष्म कण असल्याचं 2005 मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधी डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच, असा सर्वसाधारण समज होता!

अन् जिवंत डायनासोर पाहायचाच असेल, तर सकाळी नागपूरच्या फुटाळा तलावावर चल. पक्षी त्यांचेच वंशज. बगळा कसा दबकत पाऊल टाकतो, तेवढं बघ.