व्हिडिओ डिस्क

व्हिडिओ डिस्क : (दृश्य तबकडी). चलच्चित्र व ध्वनी एकत्र साठवलेली आणि यंत्रावर लावून पडद्यावर पाहायची गोल तबकडी. नुसत्या ध्वनीची ग्रामोफोन तबकडी येथे अभिप्रेत नाही. बोलीत मात्र व्हीसीडी, डीव्हीडी सगळ्यांना सरसकट ‘सीडी’च म्हणतात.

उगम : दूरचित्रवाणीचे आद्य संशोधक जॉन लोगी बेअर्ड यांनी १९२७-२८ च्या सुमारास ३० रेषांचे दूरचित्र-संदेश ग्रामोफोनच्या तबकडीवर कोरून पाहिले (फोनोव्हिजन). काही लेखक व्हिडिओ डिस्कचा उगम तेथे मानतात. पण त्या तबकड्यांवरून त्या काळी समाधानकारक चित्र परत मिळाले नाही. ते १९८० नंतर संगणकाच्या साहाय्याने मिळाले. तेव्हा फोनोव्हिजनला प्रयोग म्हणावे, फॉरमॅट नव्हे, हे मत अधिक पटते. प्रकाशीय (प्रकाशकिरणाने वाचल्या जाणाऱ्या) तबकडीच्या श्रेयाबद्दलही एकमत नाही. डेव्हिड पॉल ग्रेग यांना पारदर्शक तबकडी १९५८ च्या सुमारास सुचली असे सांगतात. जेम्स रसेल यांचे पेटंट १९७० चे आहे. प्रत्यक्ष बाजारात आलेली तबकडी (लेसरडिस्क) परावर्तक होती आणि ती घडवण्यात फिलिप्सचा वाटा मोठा आहे. ग्रेग यांचे पेटंट हक्क मिळवलेल्या एमसीए कंपनीशी फिलिप्सने पुढे हातमिळवणी केली.

लेसरडिस्क : डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेतील अटलांटा येथे विक्री सुरू झाली. व्यास ३० सेंमी. लेसरने वाचली जात असल्याने ही तबकडी अंकीय (डिजिटल) असावी, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. चित्राचा संदेश अनुरूप (ॲनालॉग) असून खाचांची लांबी व त्यांमधील अंतर यांत वारंवारता-विरूपणाने (फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन) साठवलेला असतो. स्थिर कोनीय वेगाच्या (मिनिटाला ठरावीकच फेरे घेणाऱ्या) प्रकारात एका फेऱ्यात एक पूर्ण चित्र बसते (अमेरिकी पद्धतीत मिनिटाला १,८०० फेरे). त्यामुळे एका बाजूला ५४,००० चित्रे, म्हणजे ३० मिनिटे मावतात आणि कोणतेही चित्र स्थिर ठेवता येते. अशी तबकडी उजेडात तिरपी धरली की मध्यापासून कडेपर्यंत गेलेले दोन पट्टे डोळ्यांनी दिसतात. चित्रांमधील कोऱ्या रेषा तेथे एकाखाली एक आलेल्या असतात. स्थिर रेषीय वेगाच्या (लेसरखालून माग सारख्याच वेगाने सरकणाऱ्या) प्रकारात वेळ दुप्पट मिळतो, पण साध्या यंत्रावर चित्र थांबवण्याची सोय जाते.

सुईचे प्रकार : टेलिफुंकन या जर्मन कंपनीची टेड तबकडी (१९७५) एका बाजूला जेमतेम दहा मिनिटे चाले. आरसीए या अमेरिकी कंपनीची सीईडी तबकडी (१९८१) सुईने विद्युतधारकतेतील (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेतील) बदल टिपून वाचली जात असे. बोट लागू नये म्हणून ती डबीतूनच यंत्रात सरकवायची. १९८४ मध्ये आरसीएने तिची यंत्रे बनवणे थांबवले.

अंकीय प्रकार : व्हीसीडी (१९९३) एमपेग-१ संकोचन (माहिती कमी जागेत बसवण्याची पद्धत) वापरते व तीत सुमारे ७४ मिनिटे मावतात, म्हणून आपल्याकडे एका चित्रपटाला दोन-तीन तबकड्या लागत. डीव्हीडी १९९६ मध्ये जपानात आली (एका थरात ४.७ जीबी). तिच्या नावातील ‘व्ही’ व्हिडिओचा की ‘व्हर्सटाइल’चा, यावर एकमत नाही. ब्लू-रे (२००६) ४०५ नॅनोमीटरच्या लेसरने वाचतात. तिची स्पर्धक एचडी डीव्हीडी २००८ मध्ये मागे पडली.