पिल्लाचे दात आणि ठिबकची नळी

औशाजवळच्या आमच्या शेतात मार्चमध्ये एका सकाळी पपईच्या दोन ओळींना पाणीच पोचलं नाही. ठिबकची नळी उचलून पाहिली तर हातभर अंतरात बारीक भोकं, दाभणानं पाडल्यासारखी, जोडीजोडीनं. चुलतभाऊ म्हणाला, "खंड्याचंच काम हाय. दिसंल ते चावायलाय गडी."

खंड्या म्हणजे आमचं साडेचार महिन्यांचं पिल्लू. त्याच आठवड्यात त्यानं वहिनीच्या चपलेचा अंगठा, बाजेचा एक कोपरा आणि मोटारीच्या स्टार्टरजवळच्या वायरीचं आवरण असं सगळं तोंडाखालून घातलं होतं. घरात त्याला बांधून ठेवायचं की दोन दणके द्यायचे यावर बोलणं चाललं होतं. मी त्याला मांडीवर घेतलं आणि ओठ वर करून पाहिला. समोरचे पटाशीचे दुधाचे दात पडून गेले होते आणि त्यांच्या जागी रुंद, पांढरे नवे दात हिरडी फाडून वर येत होते. हिरडी लालभडक होती. सुळे मात्र अजून दुधाचेच, सुईसारखे. नळीवरची जोडभोकं त्या सुळ्यांचीच.

कुत्र्याचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या तोंडात एकही दात नसतो. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुधाचे दात यायला लागतात आणि दोन महिन्यांचं होईपर्यंत २८ दात भरतात. मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात. वाढलेल्या १४ मध्ये १० खऱ्या दाढा, आणि त्यांना दुधाची आवृत्तीच नसते. म्हणजे साडेतीन-चार महिन्यांपासून सहा-सात महिन्यांपर्यंतच्या थोडक्या काळात या पिल्लाचे २८ दात पडतात आणि ४२ नवे उगवतात. माणसाच्या पोराला ज्या कामाला वर्षानुवर्षं लागतात, ते इथं तीन महिन्यांत उरकतं.

दुधाचा दात पडतो कसा, हे मला यातलं सगळ्यात नवलाचं वाटतं. नवा दात जबड्याच्या हाडात तयार होऊन वर सरकू लागतो. त्या काळात दुधाच्या दाताचं मूळ विरघळवायचं काम काही खास पेशी करतात. हाड झिजवणाऱ्या पेशींच्याच त्या जवळच्या नातलग. मूळ हळूहळू नाहीसं होतं, वरचं टोपण तेवढं हिरडीला चिकटून राहतं आणि काहीतरी चावताना निखळतं. बरेचसे दात पिल्लू खाण्याबरोबर गिळून टाकतं, म्हणून आपल्याला ते दिसतही नाहीत. चपलेवर किंवा बाजेवर रक्ताचा एखादा ठिपका दिसला तर घाबरायचं कारण नाही. या सगळ्यात हिरडी ठणकते आणि तिच्यावर दाब दिला की पिल्लाला बरं वाटतं.

पण चावण्याचं कारण एवढंच नाही. पिल्लाला हात नसतात. वस्तू मऊ की टणक, खायची की खेळायची, हे त्याला तोंडानंच कळतं. आपली चप्पल त्याला आवडते ती तिच्यात मुरलेल्या आपल्या घामाच्या वासामुळे. म्हणूनच "ही जुनी चप्पल तुझी" म्हणून दिली तर ते उलटंच शिकतं. जुनी-नवी हा फरक त्याला कळत नाही, चप्पल चावायची असते एवढंच कळतं.

तेव्हा चावणं बंद करता येत नाही, ते कशाकडं वळवायचं एवढंच आपल्या हातात आहे. आमच्याकडं सगळ्यात चांगली चालली ती शिळी, उन्हात वाळवून कडक केलेली ज्वारीची भाकरी, मीठ-तिखट-कांदा-लसूण काही न लावलेली. उन्हाळ्यात फ्रीजमधलं गार गाजर, किंवा पंचाचा तुकडा भिजवून, पीळ देऊन गोठवलेला. गारव्यानं हिरडी शांत होते. कापडाचे धागे निघायला लागले की मात्र ते लगेच काढून घ्यावं. सुतळी, चऱ्हाट, पोत्याचे दोरे तर नकोच. लांब दोरा गिळला तर आतडं गोळा होतं आणि पोट फाडून शस्त्रक्रिया करावी लागते. मटणाचं शिजलेलं हाड फुटून त्याचे काटे होतात, तेही देऊ नये. एखादी वस्तू फार टणक आहे का ते बघायला तिच्यावर अंगठ्याचं नख दाबावं. थोडीही दबत नसेल तर दात तुटायची भीती असते.

तोंडातली वस्तू हिसकावून घेऊ नये. हिसकावलं की पिल्लू ती घाईनं गिळतं, नाहीतर पुढच्या वेळी गुरगुरायला शिकतं. भाकरीचा तुकडा नाकाशी धरायचा, वस्तू सुटली की त्या क्षणी तुकडा द्यायचा. तासाभरानं केलेली शाबासकी किंवा शिक्षा त्याला कशाशीही जोडता येत नाही.

"पण त्याला कळतंय की, बघा कसं तोंड पाडून बसलंय!" असं आपण म्हणतो. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. खाऊला तोंड लावू नको असं बजावून मालक खोलीबाहेर जायचा. परत आल्यावर कुत्र्यानं खाऊ खाल्ला की नाही, हे काही वेळा मालकाला मुद्दाम खोटं सांगितलं जायचं. कान पाडणं, नजर चुकवणं हे सगळं कुत्र्यानं खरोखर खाल्लंय की नाही यावर अवलंबून नव्हतं, मालक रागावला की नाही यावर होतं. ती भीती असते, कबुली नव्हे. संध्याकाळी आपण शेतावरून आल्यावर सकाळच्या नळीसाठी मार खाणारं पिल्लू, माणूस घरी आला की मार बसतो, एवढंच शिकतं.

दिवसभर बांधून ठेवणं हाही उपाय नाही. कंटाळलेलं पिल्लू दावंच चावतं. या वयात ते दिवसाचे १८ तासांपर्यंत झोपतं, आणि झोप मोडलेलं पिल्लू जास्तच चावरं होतं. आम्ही गोठ्याच्या सावलीत बांबूच्या ताट्यांचं छोटं कुंपण केलं. आत पाणी, गोणपाटाऐवजी जुनी सतरंजी आणि एक-दोन चावायच्या वस्तू. लक्ष द्यायला कुणी नसेल तेव्हा तो तिथं, एरवी मोकळा.

शेतावर नळीपेक्षा मोठी काळजी विषाची. उंदरांसाठी पिठात कालवलेलं झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लाशी मिळून फॉस्फीन हा विषारी वायू तयार करतं. बियाण्याला लावायची औषधं, फवारणीचे रिकामे डबे, बांधावरची कण्हेर, घरातले मनुके आणि द्राक्षं, हे सगळं पिल्लाच्या तोंडापासून लांब पाहिजे. काही खाल्ल्याचा संशय आला तर घरी उपाय करत न बसता पुडा किंवा डबा घेऊन थेट डॉक्टर गाठावा.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगतो. खेळताना पोरांना पिल्लाचा दात लागतोच. पिल्लू लहान आहे, घरचं आहे म्हणून ते सोडून देऊ नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा, तिच्यात हळद-मिरची भरू नका आणि लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारा. पिल्लालाही तीन महिन्यांचं झालं की ही लस टोचून घ्या.

सात महिन्यांनंतरही दुधाचा सुळा नव्या सुळ्याला खेटून उभा राहिला, तर तो काढून घ्यावा लागतो. दोघांच्या फटीत घाण अडकते आणि जबड्याची ठेवण बिघडते. खंड्याचा वरचा डावा सुळा गेल्या रविवारी वाळल्या भाकरीत रुतलेला सापडला. बाभळीच्या काट्याच्या टोकाएवढा, खालून पोकळ, मूळ कुठंच नाही. नवा सुळा त्याच्या पुढच्या बाजूनं आधीच अर्धा वर आलेला होता. खालच्या दोन सुळ्यांवर आता लक्ष आहे.